यॉर्कमध्ये खरेदी कुठे करावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या यॉर्कचा जुना भाग तटबंदीच्या आत आहे आणि आडवातिडवा कसाही चाललात तरी पंधरा-वीस मिनिटांत संपतो. त्यामुळे अंतराची अडचण येत नाही. अडचण येते ती चुकीच्या गल्लीत दिवस घालवल्याने. प्रसिद्ध गल्ल्या बघण्यासारख्या आहेत, पण पैसे खर्च करण्यासारखी दुकाने बहुधा त्यांच्या शेजारच्या रस्त्यांवर सापडतात. खालची उत्तरे त्या दृष्टीने दिली आहेत.

हातात एकच दिवस आहे. कोणत्या क्रमाने फिरावे?

स्टेशनवरून लेंडल पूल ओलांडून मिन्स्टरपर्यंत (इथले मोठे कॅथेड्रल) चालत दहा-पंधरा मिनिटे लागतात. मिन्स्टरसमोरून हाय पीटरगेट, तिथून स्टोनगेटने उतरत सेंट हेलेन्स स्क्वेअर, मग डेव्हीगेटने पार्लमेंट स्ट्रीट आणि तिथल्या बोळातून शॅम्बल्स मार्केट. जेवण तिथेच उरकावे. दुपारी शॅम्बल्स, किंग्ज स्क्वेअर आणि गुडरमगेट, आणि शेवटी फॉसगेट. जड वस्तू (पुस्तके, बाटल्या, चिनी मातीची भांडी) परतीच्या वाटेवर घ्या. खडबडीत दगडी फरसबंदीवर चाकांची बॅग ओढत नेणे हा छळ आहे.

पत्त्यातले ‘गेट’ वाचून दरवाजा शोधू नका, तो रस्ता असतो. वेशीला इथे ‘बार’ म्हणतात: मिकलगेट बार, मंक बार, बूथम बार.

कोणत्या रस्त्यावर काय मिळते?

स्टोनगेट आणि पीटरगेट: दागिने, भेटवस्तू, जुन्या वस्तू, फज (दूध-साखर-लोण्याची मऊ वडी). स्टोनगेटवर भाडी जास्त, म्हणून किमतीही जास्त, पण माल बरा असतो.

कोनी स्ट्रीट, पार्लमेंट स्ट्रीट, डेव्हीगेट: नेहमीच्या साखळी दुकानांचे रस्ते. कपडे, चपला, औषधे, फोनचे सिम. यासाठी यॉर्कला येण्याची गरज नाही, पण पावसात छत्री मोडली तर इथेच यावे लागेल. कोनी स्ट्रीटवर काही गाळे रिकामे दिसतील, ऑनलाइन खरेदीचा फटका या रस्त्याला जास्त बसला आहे.

कॉपरगेट: फेनविक हे मोठे डिपार्टमेंट स्टोअर इथे आहे. १९७६ ते १९८१ या काळात इथल्या उत्खननात व्हायकिंग काळातली कारागिरांची वस्ती सापडली: लाकडी वाट्या, शिंगाच्या फण्या, चामड्याचे जोडे. त्यावरच खाली योर्विक हे संग्रहालय १९८४ मध्ये उघडले. म्हणजे खरेदीविक्रीची ही जागा हजार वर्षांहून जुनी आहे.

गुडरमगेट: चॅरिटी शॉप्स, म्हणजे लोकांनी दान केलेल्या वापरलेल्या वस्तू विकणारी संस्थांची दुकाने. थंडीचे कोट, स्वेटर, मुलांची पुस्तके यांसाठी कमी पैशांत याहून चांगला रस्ता नाही.

फॉसगेट: स्वतंत्र मालकांची दुकाने, जुनी पुस्तके, खाण्याची ठिकाणे. याच रस्त्यावरच्या एका कमानीतून आत गेलात की मर्चंट अ‍ॅडव्हेंचरर्स हॉल लागतो. १३५७ मध्ये बांधायला घेतलेले हे व्यापाऱ्यांच्या संघाचे सभागृह आहे.

मिकलगेट आणि गिलीगेट: छोटी दुकाने, गर्दी कमी.

बिशपथॉर्प रोड: तटबंदीच्या बाहेर, दक्षिणेला. स्थानिक लोक याला ‘बिशी रोड’ म्हणतात. खाटीक, भाजीवाला, बेकरी, कॅफे असा खरा मोहल्ला. २०१५ मध्ये याला ब्रिटनमधल्या सर्वोत्तम बाजाररस्त्याचा किताब मिळाला. शनिवारी सकाळी जा.

शॅम्बल्समधून काही घ्यावे का?

बघावे जरूर. ही खाटकांची गल्ली होती. १८७२ मध्येसुद्धा इथे पंचवीस खाटिकखाने होते, आज एकही नाही. दुकानांसमोरच्या रुंद लाकडी फळ्या मांस मांडायला होत्या आणि वर मांस टांगायचे काही आकडे अजून जागेवर आहेत. वरचे मजले पुढे झुकलेले असल्याने गल्लीत ऊन कमी येते, मांसासाठी ते सोयीचे होते.

आज इथे जादूच्या छड्या-झगे, भेटवस्तू आणि गोडधोड विकणारी दुकाने आहेत. त्यातल्या बऱ्याच वस्तू इतरत्रही मिळतात. अपवाद म्हणजे यॉर्क घोस्ट मर्चंट्स: हाताने घडवलेली, मुठीत मावणारी छोटी भुते. शनिवार-रविवारी या दुकानाबाहेर रांग असते, म्हणून आठवड्यातल्या दिवशी दुकान उघडताच जावे. शॅम्बल्सचे फोटो हवेत तर सकाळी नऊच्या आत पोहोचा, अकरानंतर फक्त डोकी दिसतात. बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल तर दगड खडबडीत आहेत आणि बऱ्याच दुकानांना दारातच पायरी आहे, हे धरून चला.

शॅम्बल्स मार्केट वेगळे का?

हो, आणि अनेकांची इथेच गल्लत होते. शॅम्बल्स ही गल्ली. तिच्या मागे, पार्लमेंट स्ट्रीटच्या बाजूला जो उघड्यावरचा बाजार भरतो तो शॅम्बल्स मार्केट. पूर्वी याला न्यूगेट मार्केट म्हणत. बाजार रोज असतो. भाजी-फळे, मासे, चीज, कापड, टोप्या, स्थानिक कारागिरांच्या वस्तू आणि एका बाजूला खाण्याचे ठेले. सोमवार-मंगळवारी काही गाळे बंद असतात, शनिवारी सगळे उघडे पण गर्दी. संध्याकाळी चारच्या सुमारास फळे-भाज्या वाडग्याच्या हिशेबाने स्वस्त होतात, कारण उरलेला माल परत नेण्यापेक्षा विकलेला बरा. घासाघीस मात्र चालत नाही. पिशवी घरून न्या, प्लास्टिकच्या पिशवीला किमान दहा पेन्स द्यावे लागतात.

दुकाने किती वाजता बंद होतात?

भारतातून येणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. आपल्याकडे बाजार संध्याकाळी रंगतो, इथे पाच-साडेपाचला कुलूप लागते. छोटी दुकाने साधारण दहाला उघडतात. म्हणून खरेदी दिवसा आणि तटबंदीवरून किंवा नदीकाठी फिरणे संध्याकाळी, असा उलटा बेत करा. (तटबंदीवरची वाटही अंधार पडताना बंद करतात.)

रविवारी कायदा आडवा येतो. २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा यांमधले सलग सहाच तास विक्री करता येते. म्हणून मोठी दुकाने बहुधा अकरा ते पाच उघडी असतात. काही जण अर्धा तास आधी दार उघडतात, पण तेव्हा फक्त बघता येते, काउंटर सुरू नसतो. ईस्टर संडे आणि ख्रिसमसच्या दिवशी मोठी दुकाने बंदच.

शहराच्या मध्यात सकाळी साडेदहानंतर वाहनांना बंदी असते. टॅक्सी दारापर्यंत येईल या भरवशावर मोठे खोके घेऊ नका.

यॉर्कचे चॉकलेट म्हणून नेमके काय घ्यावे?

राउंट्री आणि टेरीज ही यॉर्कची दोन मोठी घराणी. किटकॅट १९३५ मध्ये राउंट्रीने बाजारात आणले. १९८८ मध्ये कंपनी नेस्लेकडे गेली, पण किटकॅट आजही यॉर्कमध्ये बनते. ते कोणत्याही सुपरमार्केटमध्ये मिळते, भेटवस्तूंच्या दुकानात त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. टेरीजचे चॉकलेट ऑरेंज १९३२ चे. त्यांचा यॉर्कचा कारखाना २००५ मध्ये बंद झाला, तेव्हा ‘यॉर्कमध्ये बनलेले’ या समजुतीने ते घेऊ नका. चवीसाठी जरूर घ्या.

शहरात बनलेले चॉकलेट हवे असेल तर कॅसलगेटवरच्या यॉर्क कोको वर्क्समध्ये जा. तिथे कोकोच्या बियांपासून चॉकलेट करतात.

भारतात नेताना खरी अडचण उष्णतेची. चॉकलेटमधला कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतो. मार्च ते जूनमध्ये पुणे-नागपूरला नेत असाल तर भरलेली चॉकलेटे टाळून साध्या वड्या घ्या. वितळून पुन्हा गोठलेल्या चॉकलेटवर पांढुरकी भुकटी दिसते, ती बुरशी नसते, वर आलेला स्निग्धांश असतो. खायला चालते, पण भेट द्यायला लाज वाटते. चॉकलेट केबिनच्या बॅगेत ठेवा आणि विमानतळावरून निघाल्यावर ते गाडीच्या डिकीत टाकू नका.

चहा आणि बेटीज: रांगेत उभे राहायचे का?

सेंट हेलेन्स स्क्वेअरमधल्या बेटीजबाहेरची लांब रांग बसून चहा पिणाऱ्यांची असते. आतल्या दुकानातून डबे, बिस्किटे किंवा फॅट रास्कल (बदाम-चेरीचे डोळे-दात लावलेला गोल, जाड पाव) घ्यायचा असेल तर त्या रांगेत थांबावे लागत नाही. दारावर विचारा आणि थेट काउंटरकडे जा. फॅट रास्कल दोन-तीन दिवसांत संपवायचा असतो, प्रवासाच्या शेवटच्या दिवशीच घ्या.

यॉर्कशर टी बनवणारी टेलर्स ऑफ हॅरोगेट ही बेटीजच्याच समूहातली कंपनी. चहाचे मळे अर्थातच यॉर्कशरमध्ये नाहीत, पत्ती आसाम आणि आफ्रिकेतून येते. आसामचा चहा यॉर्कहून कोल्हापूरला नेण्यात गंमत आहे, पण मिश्रण चांगले आहे. मोठी खोकी सुपरमार्केटमध्ये घ्या. जड पाण्यासाठी याच चहाचे वेगळे खोके मिळते, घरी बोअरवेलचे पाणी असेल तर ते बघा. ही पत्ती चार-पाच मिनिटे उकळत्या पाण्यात भिजवण्यासाठी आहे. आपल्या पद्धतीने दुधासकट खळखळ उकळलीत तर कडवट होते.

व्हिटबी जेट काय असते? खरे कसे ओळखावे?

यॉर्कशरच्या किनाऱ्यावर व्हिटबी परिसरात सापडणारा काळाकुट्ट, हलका पदार्थ. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे लाकूड दबून तो तयार झाला. रोमन काळात यॉर्कमध्येच जेटचे दागिने घडवत, त्यांचे नमुने यॉर्कशर म्युझियममध्ये आहेत. १८६१ मध्ये प्रिन्स आल्बर्ट वारल्यावर व्हिक्टोरिया राणीच्या सुतकी काळ्या पोशाखाबरोबर जेटची फॅशन देशभर पसरली.

काळ्या काचेच्या नकली दागिन्यांनाही ‘फ्रेंच जेट’ म्हणतात, नावावर जाऊ नका. हातात घेऊन पाहा: काच जड आणि थंड लागते, खरे जेट हलके आणि कोमट. व्हल्कनाइट, म्हणजे कडक केलेले रबर, हा दुसरा नकली प्रकार. तो वजनाने फसवतो, पण जुना झाला की उन्हाने तपकिरी पडतो. बिनचकाकीच्या चिनी मातीवर घासल्यास जेटची रेघ तपकिरी उठते, पण ही परीक्षा दुकानात करायची नसते. त्याऐवजी बिलावर ‘व्हिटबी जेट’ असे लिहून मागा. विक्रेता कचरत असेल तर पुढचे दुकान बघा.

चांदी आणि जुन्या वस्तू घेताना काय तपासावे?

ब्रिटनमध्ये ७.७८ ग्रॅमपेक्षा जड चांदीच्या वस्तूला ‘चांदी’ म्हणून विकायचे तर हॉलमार्क बंधनकारक आहे. ९२५ हा आकडा शुद्धतेचा, आणि तपासणी कार्यालयाची खूण वेगळी: लंडनचे बिबट्याचे डोके, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचे गुलाब, एडिंबराचा किल्ला. ‘ईपीएनएस’ अशी अक्षरे दिसली तर ती चांदी नाही, वर फक्त मुलामा आहे. चहाचे सुंदर जुने सेट बहुधा असेच असतात. घ्या, पण मुलाम्याच्या भावाने.

जुन्या वस्तूंसाठी स्टोनगेटवरचे अँटिक्स सेंटर बघा. एकाच घरात अनेक विक्रेत्यांची कपाटे असतात. इथे मात्र ‘यावर सर्वात कमी किती होईल?’ असे नम्रपणे विचारलेले चालते. थोडी सूट मिळते, अर्ध्या किमतीची अपेक्षा नको. हस्तिदंत मुळीच घेऊ नका. त्याच्या विक्रीवर ब्रिटनमध्ये कडक निर्बंध आहेत आणि भारतात तर ते नेताच येणार नाही. जुन्या चाकूंच्या आणि काट्यांच्या पांढऱ्या मुठी तपासून घ्या.

पुस्तके?

मिन्स्टर गेट्स या छोट्या बोळाच्या कोपऱ्यावर वर पाहिलेत तर पुस्तकांवर टेकलेली मिनर्व्हा (विद्येची रोमन देवता) आणि तिचे घुबड दिसेल. हा पुस्तकविक्रेत्यांचा भाग होता त्याची ती खूण. स्टोनगेटवर ३३ क्रमांकाच्या इमारतीवरचे लाल भूत ही छापखान्याची खूण. याच परिसरात मिन्स्टर गेट बुकशॉप आहे, अनेक मजल्यांवर जुनी पुस्तके आणि नकाशांचे छाप. स्वस्त वाचनासाठी मिकलगेटवरचे ऑक्सफॅमचे पुस्तकांचे दुकान बरे. सप्टेंबरमध्ये रेसकोर्सवर दुर्मिळ पुस्तकांचा मोठा मेळा भरतो, तारखा आधी बघून ठेवा.

ब्रिटनमध्ये छापील पुस्तकांवर व्हॅट नाही, मुलांच्या कपड्यांवर आणि बुटांवरही नाही. या दोन गोष्टी इथे घेण्याला म्हणूनच अर्थ आहे.

व्हॅट परत मिळतो का?

नाही. पर्यटकांना विमानतळावर व्हॅट परत देण्याची योजना इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली. जुन्या प्रवासवर्णनांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अजून ती माहिती फिरते. लेबलवरची किंमत २० टक्के व्हॅट धरूनच असते आणि तीच शेवटची. दुकानाने वस्तू थेट भारतातल्या पत्त्यावर पाठवली तर ते व्हॅट वगळू शकतात, पण मग भारतात कस्टम ड्युटी भरावी लागते. भेट म्हणून पाठवलेल्या पार्सललाही २०१९ च्या डिसेंबरपासून सूट नाही, राखी आणि जीवरक्षक औषधांचा अपवाद सोडून.

डिझायनर आउटलेटला जावे का?

शहराच्या दक्षिणेला, काही मैलांवर, एकाच छपराखाली शंभराहून अधिक दुकाने. पार्क अँड राइडची (शहराबाहेर गाडी ठेवून बसने आत येण्याची सोय) ७ क्रमांकाची बस तिथे जाते. शहरातली दुकाने मिटल्यावरही आठवड्याच्या दिवसांत ते उघडे असते, त्यामुळे संध्याकाळी जाणे सोयीचे. ब्रँडचे बूट, शर्ट, प्रवासी बॅगा यांत खरी बचत होते. मात्र काही ब्रँड आउटलेटसाठी वेगळा, हलका माल बनवतात. ‘मूळ किंमत’ म्हणून छापलेला आकडा फोनवर ताडून पाहा. यॉर्कसाठी एकच दिवस असेल तर जाऊ नका, असा मॉल कुठेही आहे.

बुटांचे ब्रिटिश आणि भारतीय माप साधारण एकच. कपड्यांचे नाही, तिथे घालूनच बघा.

लोकरीचे काय घ्यावे?

लेबलवर टक्के वाचा. ‘कॅशमिअर फील’ किंवा ‘कॅशमिअर टच’ म्हणजे कॅशमिअर नव्हे, बहुधा अ‍ॅक्रिलिक. लॅम्ब्सवूलचा मफलर वाजवी किमतीत मिळतो आणि टिकतो. हॅरिस ट्वीड स्कॉटलंडचे आहे, यॉर्कची खासियत म्हणून कोणी विकत असेल तर हसून पुढे जा. कोकणात किंवा मुंबईत दमट हवेत लोकर हवाबंद पिशवीत ठेवा आणि आधी धुवा, कसर घामाच्या डागांकडे धावते.

शाकाहारी माणसाने काय बघावे?

गोळ्या-जेलींमध्ये जिलेटिन असते, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. राउंट्रीच्या फ्रूट पॅस्टिल्समधून ते २०२० मध्ये काढले गेले, बाकीच्यांचे लेबल वाचा. चीजसाठी दूध फाडायला वापरलेले रेनेट प्राण्यांचेही असू शकते, म्हणून ‘व्हेजिटेरियन रेनेट’ लिहिलेले शोधा. हिरव्या ठिपक्याची आपली पद्धत इथे नाही. अंडे, दूध, शेंगदाणे असे अ‍ॅलर्जीचे घटक यादीत ठळक अक्षरांत छापतात, त्यामुळे अंडे लगेच सापडते. जिलेटिन मात्र ठळक नसते, पूर्ण यादी वाचावी लागते.

यॉर्कमध्ये शिकायला आलेल्यांनी भांडी आणि किराणा कुठे घ्यावा?

फॉस आयलंड्स रोडवर मोठी सुपरमार्केट आहेत, तिथे कणकेची मोठी पोती, डाळी आणि मसाले मिळतात. पोहे, कोकम, गोडा मसाला अशा गोष्टींसाठी लीड्स किंवा ब्रॅडफर्ड गाठा. लीड्स रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत आहे. भांडी घेण्याआधी खोलीतली शेगडी इंडक्शन आहे का विचारा. असेल तर तळाला लोहचुंबक चिकटणारीच भांडी चालतील, घरून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर नाही. सत्र संपताना, जूनमध्ये, चॅरिटी शॉप्समध्ये विद्यार्थ्यांनी टाकलेली जवळपास नवी भांडी येतात.

कार्ड की रोख?

कार्ड जवळपास सगळीकडे चालते, बाजारातल्या काही गाळ्यांसाठी वीस-तीस पौंड रोख पुरे. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा, भारतीय कार्डांवर ते मुळात बंद असतात. यंत्राने ‘रुपयांत की पौंडांत?’ विचारले तर पौंड निवडा, रुपयांचा दर तुमच्या तोट्याचा असतो. घरात काकांनी जपून ठेवलेल्या कागदी वीस-पन्नासच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, फक्त प्लास्टिकच्या चालतात.

वस्तू आवडली नाही तर परत घेतात का?

सदोष वस्तू ३० दिवसांत परत देऊन पूर्ण पैसे मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. नुसते मन बदलले असेल तर नाही, ते दुकानाच्या धोरणावर अवलंबून. साखळी दुकाने बहुधा १४ ते ३० दिवस देतात, छोटी दुकाने बदलून देतात किंवा तेही नाही. पावतीचा फोटो काढून ठेवा, उष्णतेने छापलेली अक्षरे महिन्याभरात उडतात.

गर्दी कधी टाळावी?

नोव्हेंबरच्या मध्यापासून ख्रिसमसच्या आधीपर्यंत पार्लमेंट स्ट्रीटवर ख्रिसमस मेळा असतो. शनिवारी तिथे चालणे कठीण, मंगळवार-बुधवार गाठा. ऑगस्टमधल्या ईबॉर या घोड्यांच्या शर्यतींच्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढतात आणि रेल्वे भरून वाहते. सवलतींचा खरा मोसम २६ डिसेंबरपासून जानेवारीभर.

परतीच्या बॅगेत काय अडते?

जॅम, चटणी, मध, लेमन कर्ड हे सगळे द्रवात मोजतात, मोठ्या बॅगेत टाका. दारू भारतात दोन लिटरपर्यंत नेता येते. पेव्हमेंटवरच्या यॉर्क जिनच्या दुकानातून घेत असाल तर वयाचा पुरावा जवळ ठेवा, पंचविशीच्या आतले दिसलात तर विचारतीलच. विजेची किटली मोहात पाडते, पण ती बहुधा तीन किलोवॉटची असते, म्हणजे १३ अँपिअर ओढते. भारतातल्या साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर ती लावू नका, १६ अँपिअरचे सॉकेट लागेल आणि तिचा तीन चौकोनी पिनांचा प्लग इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावा लागेल.